विश्लेषण : हात बांधलेला कैदी, घोडागाडी आणि ड्रॅगन... ‘स्कायरिम’ची सुरुवात खेळाडूला कथेत कशी ओढते?

अंधारलेला पडदा हळूहळू उजळतो. आपण एका घोडागाडीत बसलेलो आहोत. समोर आणि शेजारी हात बांधलेले कैदी आहेत. खाली पाहिले तर आपलेही हात बांधलेले! गाडी कुठे चालली आहे, आपला गुन्हा काय, काहीच कळत नाही. ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेल्या ‘द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह : स्कायरिम’ या फँटसी गेमची ही सुरुवात. अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओजने तयार केलेल्या या गेमच्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये सांगितले होते. गाडीतला हा प्रसंग तर गेम न खेळलेल्यांनाही मीम्समुळे ओळखीचा आहे. पहिल्या काही मिनिटांत असे काय घडते, की खेळाडू पुढचे शेकडो तास या जगात राहायला तयार होतो?

(गेम अजून खेळला नसेल तर लक्षात घ्या, पुढे सुरुवातीच्या कथेचा तपशील आहे.)

सुरुवातीला नेमके काय घडते?

गाडीत आपल्याशिवाय तिघे जण आहेत. रालोफ हा बंडखोर सैनिक, लोकिर हा घोडेचोर आणि तोंडावर फडके आवळलेला उल्फ्रिक. उल्फ्रिक हा बंडखोरांचा नेता. सीमा ओलांडताना आपण साम्राज्याच्या सैनिकांच्या सापळ्यात सापडलो, एवढेच रालोफच्या बोलण्यातून समजते. गाडी हेल्गन गावात थांबते. कैद्यांची नावे वाचली जातात. घाबरलेला लोकिर पळत सुटतो आणि तिरंदाज त्याला जागीच मारतात. आपले नाव मात्र यादीत नसते. तरीही अधिकारी आपल्याला शिरच्छेदासाठी पाठवते. आपल्या आधी एका कैद्याचे शिर धडावेगळे होते. आपली मान ठोकळ्यावर टेकते, जल्लाद कुऱ्हाड उचलतो आणि त्याच क्षणी मागच्या बुरुजावर ड्रॅगन उतरतो. जीव घ्यायला आलेले संकटच आपला जीव वाचवते.

यात खेळाडूच्या हातात काय असते?

सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही, आणि खरी मेख इथेच आहे. गाडीत फक्त मान वळवून इकडेतिकडे पाहता येते. हात बांधलेले असल्याने कथेत आपण जितके हतबल, तितकेच कंट्रोलरवरही हतबल. त्यानंतर गेम एकेक गोष्ट परत देत जातो. गाडीतून उतरल्यावर चेहरा आणि नाव निवडणे, चालणे येते. ड्रॅगन आल्यावर पळता येते. गढीत शिरल्यावर हातांची दोरी कापली जाते आणि मग शस्त्र मिळते. प्रत्येक वेळी मिळणारे बटण हे कथेत मिळालेले स्वातंत्र्यही असते. सिनेमात नायकाची सुटका आपण पाहतो. इथे ती आपल्या बोटांना जाणवते.

यादीत नाव नसण्याचा फायदा काय?

बहुतेक रोलप्लेइंग गेममध्ये आपले पात्र घडवण्याचा पडदा सुरुवातीलाच येतो. एखादा लांबलचक अर्ज भरावा तसे ते काम वाटते. ‘स्कायरिम’मध्ये यादी हातात धरलेला हॅडवर हा सैनिक विचारतो, की तू कोण? उत्तर म्हणून तो पडदा उघडतो. दहा वंशांपैकी एक निवडायचा, चेहरा ठरवायचा, नाव लिहायचे. निवडलेल्या वंशानुसार हॅडवरचे पुढचे वाक्यही बदलते. म्हणजे अर्ज तोच, पण तो भरायला सबळ कारण दिलेले आहे.

नायक कैदीच का?

ही या मालिकेची जुनी परंपरा आहे. २००२ मधल्या ‘मॉरोविंड’मध्ये खेळाडू कैदी म्हणून जहाजातून येतो, तर २००६ मधला ‘ऑब्लिव्हियन’ तुरुंगाच्या कोठडीत सुरू होतो. कैद्याला भूतकाळ असतो, पण तो कुणी विचारत नाही. त्यामुळे तो चोर होता, सैनिक होता की निरपराध वाटसरू, हे खेळाडूने आपल्या मनाशी ठरवायचे. आटपाट नगराच्या गोष्टीत राजा कोण, राण्या किती, हे आधीच सांगून टाकतात. इथे मुख्य पात्राची जागा रिकामी ठेवली आहे आणि त्या जागी आपण बसतो.

एवढ्या मोठ्या जगाची माहिती कधी मिळते?

गेमच्या जगाला हजारो वर्षांचा काल्पनिक इतिहास आहे, पण गाडीत कुणी तो सांगत बसत नाही. साम्राज्य आणि बंडखोर यांच्यात यादवी आहे, हे कैद्यांच्या गप्पांतून कळते. उल्फ्रिकने ‘आवाजा’च्या शक्तीने राजाला मारले, हा आरोप शिरच्छेदाआधी सेनापतीच्या तोंडून येतो. त्याचे तोंड का बांधले होते, याचा उलगडा तेव्हा होतो. पुढे तीच शक्ती आपल्यातही असल्याचे कळते तेव्हा ते फडके पुन्हा आठवते. ड्रॅगनची डरकाळीही आधी दुरून ऐकू येते आणि सैनिक तिकडे दुर्लक्ष करतात. खेळाडू मात्र कान टवकारतो.

खेळ शिकवला कसा जातो?

गढीच्या दाराशी पहिली मोठी निवड येते. ज्याच्यासोबत गाडीतून आलो त्या रालोफबरोबर जायचे, की शिक्षेची यादी वाचणाऱ्या हॅडवरबरोबर? ही निवड कायमची नसते, पुढे बाजू बदलता येते. पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते ठाऊक नसते, म्हणून तो थबकतो. आतल्या भुयारी वाटेवर शिकवणी सुरू होते, तीही गरजेपोटी. कुलूपबंद पिंजरा दिसतो तेव्हा कुलूप उघडायची साधने मिळतात. गुहेत झोपलेले अस्वल दिसते तेव्हा सोबती स्वतःचे धनुष्य देतो. बाण मारायचा की दबक्या पावलांनी निघून जायचे, हे आपण ठरवायचे. मोबाइलवरच्या अनेक फुकट गेममध्ये लुकलुकणारा बाण ‘इथे दाबा’ सांगतो आणि दाबल्यावर नाणी देतो. तिथे बक्षिसासाठी शिकायचे असते, इथे जीव वाचवण्यासाठी.

मधमाशीने गाडी उडवली, हा काय प्रकार?

ही सुरुवात उभी करणे सोपे नव्हते. ‘स्कायरिम’वर काम केलेले नेट पर्कीपाइल यांनी २०२१ मध्ये एक किस्सा सांगितला. सुरुवातीची गाडी ठरलेल्या रुळावरून सरकत नव्हती. संगणक तिची हालचाल भौतिकशास्त्राच्या नियमांनी मोजत होता. त्यामुळे रस्त्यावरचा एखादा अडथळाही तिला उधळू शकत होता. चाचणीत कधी कधी गाडी थरथरायची आणि थेट आकाशात उडायची. शोध घेतल्यावर दोषी निघाली एक मधमाशी! खेळाडूला मधमाशी पकडता येत नाही, ही आधीची चूक दुरुस्त करताना तिला टक्कर होऊ शकणारी घन वस्तू बनवले गेले होते. संगणकाच्या हिशेबात ती जागची हलूच शकत नव्हती, मग धडकल्यावर गाडीच उडायची. किस्सा गमतीचा असला तरी मुद्दा गंभीर आहे. मृत्यूच्या दारात नेणारी गाडी हवेत उडाली, तर भीतीच्या जागी हसू येते आणि कथा तिथेच संपते.

सगळेच गेम असे करतात का?

नाही. २०१७ च्या ‘द लिजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची वाट जवळजवळ उलटी आहे. लिंक हा नायक गुहेत जागा होतो, थोड्याच वेळात बाहेर धावतो आणि समोर अख्खे राज्य पसरलेले दिसते. स्वातंत्र्य लगेच मिळते, पण जागा असते उंच पठाराची. तिथून सुखरूप उतरायला लागणारे पॅराग्लायडर चार देवळांमधली आव्हाने पार केल्यावरच मिळते. ते देणारा म्हातारा प्रत्यक्षात कोण, हेही तेव्हाच कळते. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये पहिला मोठा शत्रू नवख्याला बहुधा लोळवतोच आणि त्या पराभवातूनच कथा पुढे सरकते. पद्धती तीन, सूत्र एकच. काहीतरी रोखून धरायचे आणि ते मिळवण्याची ओढ लावायची.

या सुरुवातीची उणी बाजू कोणती?

ती एकदाच पूर्ण परिणाम करते. नवे पात्र घेऊन पुन्हा खेळताना तीच गाडी, तेच संवाद, आणि मूळ गेममध्ये प्रवास वगळायची सोय नाही. पहिल्यांदा हातांना बांधणारी दोरी दुसऱ्या वेळी संयमाची परीक्षा पाहते. म्हणूनच चाहत्यांनी बनवलेले ‘अल्टरनेट स्टार्ट : लिव्ह अनदर लाइफ’ हे मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, खूप लोकप्रिय झाले. त्यात आपली सुरुवात आपण निवडतो. गंमत म्हणजे ही निवडही एका कोठडीतच करायची असते.

खेळाडूसाठी याचा अर्थ काय?

स्टीमवर घेतलेला गेम साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करून पैसे मागता येतात. म्हणजे गेमची सुरुवात ही कथेची जशी, तशी आपल्या खिशाचीही कसोटी असते. नवा गेम सुरू कराल तेव्हा एक प्रश्न विचारून पाहा : मी पुढे खेळतोय ते पुढच्या बक्षिसासाठी, की पुढे काय होईल हे जाणून घेण्यासाठी? भुयारातून बाहेर पडल्यावर ‘स्कायरिम’मध्ये ड्रॅगन डोक्यावरून उडत दूर निघून जातो. समोर डोंगर, पाइनची झाडे आणि खाली उतरणारी वाट. सोबती जवळच्या गावाचे नाव सांगतो, पण तिकडे जायलाच हवे अशी सक्ती नाही. थोड्या वेळापूर्वी ज्याला हातही हलवता येत नव्हता, तो आता हव्या त्या दिशेला चालू लागतो.