ऑस्ट्रेलिया सोडताना मिळणारा अकरावा हिस्सा

ऑस्ट्रेलियात १ जुलै २००० पासून १० टक्के दराने आकारला जाणारा वस्तू व सेवा कर हा देशात उपभोगल्या जाणाऱ्या वस्तूंवरचा कर असल्याने, खरेदी देशाबाहेर नेणाऱ्या प्रवाशाला तो परत करण्याची व्यवस्था, म्हणजेच ‘टूरिस्ट रिफंड स्कीम’, करासोबतच अस्तित्वात आली. नावात पर्यटक असला तरी परदेशी निघालेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकांनाही ती खुली आहे, ही बाब सिडनी-मेलबर्नमधील मराठी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रस्थानापूर्वीच्या ६० दिवसांत एकाच विक्रेत्याकडून करासह किमान ३०० डॉलरची खरेदी झालेली असावी लागते. बिले एकाहून अधिक असली तरी चालते. परतावा मात्र बिलाच्या दहाव्या नव्हे, तर अकराव्या हिश्श्याइतका असतो, कारण कर मूळ किमतीवर बसतो आणि १०० डॉलरची वस्तू करासह ११० डॉलरला पडते. म्हणून ३३० डॉलरच्या बिलावर ३० डॉलर परत येतात.

वस्तू अंगावर किंवा हातातील सामानात ठेवून, पासपोर्ट तपासणीनंतरच्या काउंटरवर करबीजकासह, म्हणजे कर नोंदलेल्या मूळ बिलासह, दाखवावी लागते आणि विमान सुटण्याच्या नियोजित वेळेच्या ३० मिनिटे आधीपर्यंतच दावा करता येतो. सुरक्षा नियमांमुळे हातात नेता न येणारे द्रवपदार्थ आणि अवजड वस्तू मात्र सामान विमान कंपनीकडे सोपवण्यापूर्वीच सीमा अधिकाऱ्यांकडून तपासून घ्याव्या लागतात. हा क्रम चुकला, तर पात्र खरेदीचाही परतावा बुडतो.