मनाच्या जखमेवर उपचार : पहिल्या दिवशी काय घडते?

२१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळा तालुक्यातील कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. वर्तमानपत्रांत ही बातमी काही दिवस राहिली, मग मागे पडली. पण ज्यांचे माणूस गेले, ज्यांनी काठावर उभे राहून रात्रंदिवस शोध पाहिला, त्यांच्यासाठी ती बातमी अजून संपलेली नाही.

अशा न संपलेल्या बातम्या आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत. कोणी पुणे-सोलापूर हायवेवर डोळ्यांदेखत भाऊ गमावला. कोणाचा हात मशीनमध्ये गेला. कोणी २०२१ च्या कोरोनात आईचे शेवटचे दर्शनही घेऊ शकले नाही. कोणी लहानपणापासून दारुड्या बापाचा मार पाहिला. कोणाच्या घरावर जातीवरून चाल झाली. अंगावरची जखम सगळ्यांना दिसते, मनावरची दिसत नाही. म्हणून तिला औषधही मिळत नाही. या आठवड्यात कुटुंबाच्या पानावर आम्ही या जखमेविषयीच बोलणार आहोत.

ही जखम ओळखायची कशी?

मोठा आघात झाल्यावर झोप न लागणे, रडू येणे, दचकणे हे साहजिक आहे. बऱ्याच जणांचे ते काही आठवड्यांत हळूहळू कमी होते. परंतु महिना उलटून गेला तरी तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो, रात्री घाबरून जाग येते, त्या रस्त्याने किंवा पाण्याकडे जाणे माणूस टाळतो, जरा भांडे पडले तरी छातीत धडधडते, लेकराबाळांवर विनाकारण खेकसतो, किंवा दगडासारखा गप्प होतो, तर ती उपचार लागणारी जखम समजावी.

साखर कारखान्याचा भोंगा आपल्या परिसरात सर्वांना माहीत आहे. तो वेळेवर वाजतो आणि बंद होतो. आघात झालेल्या माणसाच्या डोक्यातला धोक्याचा भोंगा मात्र अडकून बसतो. धोका संपला तरी तो वाजतच राहतो. हे भित्रेपण नव्हे, वेड नव्हे आणि मागच्या जन्मीचे पापही नव्हे.

तरीही आपल्यात काय होते? कोणी म्हणते, "बाहेरचं झालंय, देवरुषाकडे न्या." बाबासाहेबांनी १९५६ साली ज्या अंधारातून आपल्याला बाहेर काढले, त्याच अंधारात आपण दु:खाच्या घडीला पुन्हा पाय ठेवतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दुसरा कोणी दारूची बाटली पुढे करतो. दारूने रात्र सरते, पण जखम चिघळते आणि पंचशीलही मोडते. तिसरा म्हणतो, "मग काय येरवड्याला घालायचं?" या एका शब्दाच्या भीतीने किती माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत! बहुतेकांना कुठेही दाखल व्हावे लागत नाही. माणूस ठरल्या वेळी येतो, बोलतो आणि आपल्या घरी जातो.

पटाचारेची गोष्ट

विहारात आपण थेरी पटाचारेची कथा ऐकतो. पती सर्पदंशाने गेला. तान्हे बाळ पक्ष्याने उचलले, थोरला मुलगा नदीत वाहून गेला. माहेरी निघाली तर आईवडील आणि भाऊ घर कोसळून मेल्याचे कळले. तिला स्वत:चे भान राहिले नाही, अंगावरच्या वस्त्राचेही नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले. आधी तिला भानावर आणले, कोणी तरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले, मग तिचे दु:ख ऐकले आणि त्यानंतर धम्म सांगितला. पुढे हीच पटाचारा अनेक दु:खी स्त्रियांची गुरू झाली.

क्रम ध्यानात घ्या : आधी आधार, मग ऐकणे, मग नवे जीवन. आजचे आघातावरील उपचारही साधारण याच तीन पायऱ्यांनी जातात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात सुरक्षितता, आठवणींचा शोक आणि पुन्हा जगाशी नाते अशा तीन टप्प्यांची मांडणी केली आहे.

पहिली भेट

पहिल्या भेटीला साधारण पाऊण ते एक तास लागतो. समुपदेशक झोप, भूक, जुने आजार, चालू गोळ्या, घरची माणसे, कामधंदा, व्यसन यांची विचारपूस करतात. जीव द्यावासा वाटतो का, घरात कोणी मारते का, हेही विचारतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, खरे ते सांगावे. मात्र घडलेली सगळी हकीकत पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे असे मुळीच नाही. "आज एवढेच, बाकीचे पुढे सांगेन," असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. जो जबरदस्तीने सारे वदवून घेतो तो चांगला समुपदेशक नव्हे.

पुढच्या काही भेटींत शरीर शांत करायला शिकवतात. श्वास सावकाश सोडणे, पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावे घेणे, झोपेची वेळ पाळणे या गोष्टी साध्या दिसतात. पण भोंगा बंद करण्याची कळ तिथेच असते. त्यानंतर जखमेकडे वळतात. त्या प्रसंगाविषयी थोडे थोडे बोलणे, "चूक माझीच होती" अशा विचारांची तपासणी करणे, टाळलेल्या जागी पुन्हा हळूहळू जाणे, हे त्यात येते. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर नावाचीही एक पद्धत आहे. या दोन्ही प्रकारच्या उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञ गोळ्याही देतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आठवणींना हात घातला की काही दिवस स्वप्ने वाढतात, अंग जड होते, रडू येते. "याने तर वाढलंच!" म्हणून पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर जाणे सोडतात. तसे करू नका. त्रास होतो हे समुपदेशकाला सांगा, ते वेग कमी करतात. एका प्रसंगाच्या आघाताला अनेकदा आठ ते बारा-पंधरा भेटी लागतात. लहानपणापासूनच्या छळाला अधिक काळ लागतो. भेटीच्या दिवशी जमल्यास अर्धी पाळी घ्यावी, सोबत विश्वासाचे माणूस न्यावे.

जातीचा घावही सांगा

आपल्या माणसाला आणखी एक शंका येते. "समोरचा डॉक्टर कोण असेल? जातीवरून झालेला अपमान त्याला कळेल का?" शंका रास्त आहे. आपण उघड विचारावे. "ते विसरा, मनावर घेऊ नका" असे उत्तर आले तर दुसरा समुपदेशक शोधावा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे गमावलेले भैय्यालाल भोतमांगे २०१७ पर्यंत ते दु:ख घेऊन जगले. न्यायालयाची लढाई आणि मनाचा उपचार या दोन्ही गोष्टी लागतात. एक केली म्हणून दुसरी सोडायची नसते.

जायचे कोठे?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. केसपेपरच्या खिडकीवर मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारा. इंदापूरच्या बांधवांनी बारामतीला जाण्याआधी ही चौकशी करावी म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाचा रोज वाया जाणार नाही. घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे चोवीस तास मराठीत बोलता येते. जीव द्यावा असे मनात येत असेल तर वाट न पाहता लगेच फोन करावा आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क ठरवला आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तो मोफत आहे. आपली माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल अशा काही प्रसंगी अपवाद असतो. खासगीत जायचे तर शिक्षण, नोंदणी आणि फी आधी विचारावी.

ध्यान आणि घर

आनापान, मैत्रीभावना यांचा अनेकांना आधार होतो. पण जखम ताजी असताना डोळे मिटले की तोच प्रसंग उसळत असेल, तर डोळे उघडे ठेवून बसावे किंवा चालत ध्यान करावे. दहा दिवसांच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि अर्जात आजार लपवू नये. ध्यान हे औषधाच्या जागी नाही, सोबतीला आहे.

घरच्यांसाठी एवढेच, की "किती दिवस तेच धरून बसणार?" असे म्हणू नका. खोदून विचारू नका. "मी इथंच आहे" म्हणा, ताट वाढा, तारखेची आठवण करा, सोबत जा. पटाचारेच्या अंगावर ज्याने वस्त्र टाकले त्याचे नाव कथेत कोणाला ठाऊक नाही. पण त्या वस्त्राविना ती उपदेश ऐकायला बसली नसती. आपल्या वस्तीत, आपल्या घरात असे कोणी थिजून बसले असेल, तर ते वस्त्र टाकण्याचे काम आता आपले आहे.

जयभीम!