डिझेल-नळीची चाकी जाम होऊ नये म्हणून

पावसाळाभर पडून राहिलेले डिझेल इंजिन रब्बीच्या ओलितासाठी काढावे, तर नळीची चाकी जागची हलत नाही. जोर केला की चाकीबरोबर नळीही पिळवटते आणि हरभऱ्याचे पाणी लांबते. केळापूर तालुक्यातील कास्तकारांस हे नवे नाही.

याचे मूळ मागील जोडणीत असते. ओलाव्याने पोलादी आटे गंजतात. पितळेशी जोड असल्यास पोलाद अधिकच लवकर गंजते. काळ्या रानातील धूळ आट्यांत अडकली की तीही चाकी धरून ठेवते.

यास्तव जोडणीपूर्वी आटे स्वच्छ डिझेलने धुऊन पुसावेत. आट्यांवर तेलाचा एक थेंब पुरे. नळीच्या निमुळत्या टोकास मात्र ग्रीस किंवा सफेदा लावू नये. तेथे धातूवर धातू घट्ट बसल्यानेच गळती थांबते. सुतळी अथवा नळकामाची पांढरी टेप गुंडाळण्याची सवय तर सोडूनच द्यावी. गाळणीपुढे तिचा तुकडा सुटला, तर तो थेट इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांपर्यंत पोहोचतो.

चाकी प्रथम बोटांनीच दोन-तीन फेरे फिरवावी. अडल्यास ती तिरकी लागली आहे असे समजून मागे घ्यावी. नंतर जोडाचा स्थिर भाग दुसऱ्या पान्याने धरून बेताने आवळावी. पान्यास पाइप लावून आवळल्यास टोक चेपते व गळती वाढते. इंजेक्टरच्या नळीची गळती बोटाने कधीही तपासू नये, कारण दाबाची धार कातडीत शिरते. पुठ्ठा धरून पाहावे.