जगभरातले बेडूक पटापट मरत होते, कोडं सोडवलं डबक्यातली बुरशी जमवणाऱ्या एका बाईंनी!

'बुरशी' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पावसाळ्यात ओलसर राहिलेली चप्पल, डब्यात विसरलेला पाव आणि २०२१ नंतर तर थेट 'काळी बुरशी'. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती जणांचे डोळे, जबडे आणि जीव घेतले, ते आपण विसरलेलो नाही.

तरीही एक गोष्ट खरी आहे. बुरशीच्या बाबतीत माणूस तसा नशीबवान आहे. आपलं शरीर सदतीस अंशांवर गरम असतं आणि बहुतेक बुरश्यांना ही ऊब सोसत नाही. पण ज्या प्राण्यांचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं, त्यांचं काय?

बेडकांना विचारा. कारण एका बुरशीने त्यांच्यावर जी वेळ आणली, तशी वेळ दुसऱ्या कुठल्याही रोगाने कुठल्याही प्राणीवर्गावर आणल्याची नोंद नाही. आणि ही बुरशी ओळखण्याचं श्रेय जातं आयुष्यभर 'कुणाच्या कामाचा नाही' असा विषय अभ्यासणाऱ्या एका संशोधिकेला. त्यांचं नाव जॉयस लाँगकोर.

बेडूक गेले कुठे?

गोष्ट सुरू होते मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशात. तिथल्या मोंटेव्हेर्दे गावाजवळच्या धुक्याच्या जंगलात सोनेरी टोड नावाचा भडक केशरी बेडूक राहायचा. १९८७ मध्ये तिथे असे दीड हजारांहून जास्त बेडूक मोजले गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या ठरलेल्या जागी दिसला फक्त एक. १९८९ मध्येही एकच. त्यानंतर आजपर्यंत हा बेडूक कुणालाही दिसलेला नाही.

१९८९ मध्येच इंग्लंडमध्ये सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. चहाच्या वेळी गप्पा सुरू झाल्या आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की 'आमच्याकडचे बेडूक कमी झालेत' ही तक्रार एकट्यादुकट्याची नाही. ऑस्ट्रेलियातून तेच, अमेरिकेतून तेच!

बरं, जंगलतोड झाली असती तर समजण्यासारखं होतं. पण हे बेडूक राखीव जंगलातून, स्वच्छ डोंगरी ओढ्यांतून गायब होत होते. कुणी म्हणालं आम्लाचा पाऊस, कुणी म्हणालं ओझोनचा थर विरळ झाला, कुणी हवामानाला दोष दिला. पुरावा कुणाकडेच नव्हता.

कॅरन लिप्स या तरुण संशोधिकेची तर वेगळीच पंचाईत झाली. ती कोस्टा रिकाच्या डोंगरात एका छोट्या झाडबेडकावर पीएचडी करत होती. काही काळ बाहेर राहून ती परत आली, तर तिच्या अभ्यासाचे बेडूकच जवळपास संपले होते. म्हणून तिने शेजारच्या पनामात, फोर्चुना नावाच्या जागी काम सुरू केलं. तिथे १९९६ च्या डिसेंबरपासून तिला ओढ्याकाठी मेलेले बेडूक सापडू लागले. अंगावर जखम नाही, पोट खपाटीला गेलेलं नाही, दिसायला अगदी धडधाकट. पण मेलेले.

प्राणिसंग्रहालयातला धागा

याच सुमारास हजारो किलोमीटर दूर, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे विषारी बेडूक मरायला लागले. हा बेडूक मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचा, निळ्या शाईत बुडवून काढल्यासारखा.

तिथले पशुरोगतज्ज्ञ ॲलन पेसिएर आणि डोनाल्ड निकोल्स यांनी मेलेल्या बेडकांची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कातडीच्या पेशींत गोल गोल काहीतरी भरलं होतं. जिवाणू नाही, विषाणू तर नाहीच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावर संशय आला, की ही 'कायट्रिड' गटातली बुरशी असावी.

पण एक अडचण होती. कायट्रिड बुरशी पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला होते, असं तोपर्यंत कुणीच ऐकलं नव्हतं! ती राहते डबक्यात, मातीत, शेवाळावर. मग विचारायचं कुणाला? संपूर्ण जगात कायट्रिड ओळखणारे अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातल्या एक होत्या अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन विद्यापीठात काम करणाऱ्या जॉयस लाँगकोर.

डबक्यात आमिष टाकणाऱ्या बाई

लाँगकोर बाईंची कारकीर्द आपल्या नेहमीच्या साच्यात बसत नाही. कायट्रिडशी त्यांची ओळख तरुणपणी मिशिगन विद्यापीठात झाली. तिथे फ्रेडरिक स्पॅरो नावाचे प्राध्यापक पाण्यातल्या बुरश्यांचे दादा मानले जायचे. पण बाईंना मेन विद्यापीठाची पीएचडी मिळाली ती थेट १९९१ मध्ये. ज्या वयात बाकीचे प्राध्यापक विभागप्रमुख होऊन बसतात, त्या वयात त्या 'नवीन डॉक्टर' होत्या!

त्यांचं काम काय? तर डबक्यातलं, दलदलीतलं पाणी आणि गाळ गोळा करायचा आणि त्यात आमिष टाकायचं. मासे धरताना गळाला गांडूळ लावतात ना, अगदी तसंच. फक्त इथे आमिष म्हणजे पाइनच्या झाडाचे परागकण, कांद्याची पातळ साल किंवा सापाची कात. कायट्रिडचे बीजाणू शेपटी हलवत पोहत येतात, आमिषाला चिकटतात आणि वाढतात. मग त्यांना वेगळं करायचं, बशीत वाढवायचं, वर्गीकरण करायचं आणि जपून ठेवायचं.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तसा तो कुणाच्याही मनात येईल. ना यातून औषध बनत होतं, ना पीक वाढत होतं. पण पेसिएर आणि निकोल्स यांना जे कोडं पडलं होतं, त्याचं उत्तर फक्त असाच माणूस देऊ शकत होता.

प्राणिसंग्रहालयातल्या बेडकांचे नमुने बाईंकडे आले. आता बुरशी नुसती ओळखून भागणार नव्हतं. ती बशीत एकटी, शुद्ध वाढवून दाखवायची होती. हे बोलायला सोपं आहे. मेलेल्या कातडीवर जिवाणूंची जत्रा भरलेली असते आणि ते भराभर वाढून संथ बुरशीला दाबून टाकतात. बाईंनी कातडीचे बारीक तुकडे अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमावर, पुसून पुसून जिवाणू कमी केले आणि शेवटी एका निळ्या बेडकातून ती बुरशी वेगळी काढलीच.

मग आली खरी परीक्षा. बशीत वाढवलेली बुरशी निरोगी निळ्या बेडकांना लावली. तीन आठवड्यांच्या आत ते बेडूक मेले. गुन्हेगार सापडला होता!

१९९९ मध्ये लाँगकोर, पेसिएर आणि निकोल्स यांनी तिचं बारसं केलं: बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. नाव तोंडात बसत नाही ना? फोड करून पाहू. ग्रीक भाषेत 'बॅट्राकोस' म्हणजे बेडूक आणि 'कायट्रा' म्हणजे मडकं. या बुरशीची पिशवी मडक्यासारखी दिसते म्हणून. आणि 'डेंड्रोबॅटिस' हे त्या निळ्या बेडकाच्या कुळाचं नाव. थोडक्यात, 'बेडकावरचं मडकं'. शास्त्रज्ञ तिला लाडाने, खरं तर वैतागून, 'बीडी' म्हणतात.

त्याआधी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ली बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की ऑस्ट्रेलियातल्या आणि मध्य अमेरिकेतल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत ही एकच बुरशी आहे. त्या शोधनिबंधात कॅरन लिप्सही सहभागी होती.

कातडीची बुरशी जीव कसा घेते?

आपल्याला गजकर्ण झालं तर खाज येते, मलम लावतो, विषय संपला. मग बेडूक मरतो कसा?

कारण बेडकाची कातडी म्हणजे नुसतं आवरण नाही. तो कातडीतून पाणी 'पितो', कातडीतून श्वासही घेतो आणि शरीरातल्या क्षारांचा तोलही कातडीच सांभाळते. बीडी नेमकी हीच यंत्रणा बिघडवते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की आजारी बेडकांच्या रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. म्हणूनच लिप्सला सापडलेले बेडूक वरून धडधाकट दिसत होते.

आणखी एक गंमत. या बुरशीला केराटिन लागतं, म्हणजे आपल्या नखांत असतं ते प्रथिन. बेडकाच्या पिल्लांमध्ये ते फक्त तोंडाच्या भागात असतं. त्यामुळे पिल्लं बुरशी घेऊन जगतात आणि मोठे होऊन बेडूक झाले की मरतात.

'बेडूक मेले तर आपलं काय जातं?'

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देऊ.

लिप्सने पनामात एल कोपे नावाच्या जागी आधीपासूनच बेडूक मोजायला घेतले. तिचा अंदाज होता, की रोगाची लाट इथेही येणार. २००४ च्या अखेरीस ती आली आणि काही महिन्यांत ओढे शांत झाले. २०२० मध्ये याच जागेच्या नोंदींवरून कळलं, की बेडकांपाठोपाठ तिथले सापही कमी झाले. त्यांचं खाणंच संपलं होतं.

आणि माणूस? बेडूक आणि त्यांची पिल्लं डास आणि डासांच्या अळ्या खातात. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार, कोस्टा रिका आणि पनामात ज्या भागात बेडूक संपले, तिथे पुढची काही वर्षं मलेरिया वाढला. सर्वात वाईट काळात दर हजार लोकांमागे वर्षाला सुमारे एक जादा रुग्ण.

२०१९ मध्ये जगभराचा हिशेब मांडला गेला. या रोगामुळे किमान ५०१ जातींची संख्या घटली, त्यातल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं.

ही बुरशी आली कुठून? २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने बोट दाखवलं कोरियन द्वीपकल्पाकडे. तिथून विसाव्या शतकात ती जगभर पसरली. बेडकाला विमानाचं तिकीट कुणी काढून दिलं? आपणच. पाळण्यासाठी, खाण्यासाठी आणि प्रयोगशाळेसाठी चालणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारातून.

इलाजही सूक्ष्मजीवांकडेच?

इथे सूक्ष्मजीव परिसंस्थाशास्त्र कामी येतं, म्हणजे सूक्ष्मजीव एकमेकांशी आणि यजमानाशी कसे वागतात याचा अभ्यास. आपल्या आतड्यात जसे चांगले जिवाणू असतात, तसे बेडकाच्या कातडीवरही असतात. त्यातला एक जांभळा जिवाणू बुरशीला रोखणारं रसायन बनवतो. २००९ मध्ये अमेरिकेत रीड हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तो डोंगरी बेडकांना लावला आणि ते बेडूक वाचले.

मग हाच उपाय पनामाच्या सोनेरी बेडकांवर केला. तिथे मात्र तो जिवाणू कातडीवर टिकलाच नाही. एकाला लागू पडलेलं विरजण दुसऱ्या दुधाला लागेलच असं नाही! पण कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी भागात रोगातून तगलेले बेडूक दुसऱ्या तळ्यांत सोडल्यावर तिथे त्यांची वस्ती पुन्हा उभी राहते आहे. म्हणजे आशा आहे.

आपल्या सह्याद्रीत काय?

बीडी आपल्याकडेही आहे. २०१३ मध्ये पुण्याच्या आयसरमधले नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती सापडल्याचं प्रसिद्ध केलं. दिलासा एवढाच, की इथे पनामासारखी सामूहिक मरतूक दिसलेली नाही. आशियातले बेडूक आणि ही बुरशी फार काळ एकत्र राहत आले असावेत, असा एक विचार आहे. पण बाहेरून दुसरा, जास्त घातक वाण आला तर इथले बेडूक तगतील याची हमी कुणी देऊ शकत नाही.

म्हणून साध्या गोष्टी पाळा. पावसाळी ट्रेकला एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाताना बुटांचा चिखल धुवून, बूट वाळवून मग घाला. फोटोसाठी बेडूक उचलू नका, एका जागचा बेडूक दुसरीकडे सोडू नका. परदेशी बेडूक पाळायची हौस टाळा. आणि गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून कुणी बेडूक ताटात वाढला, तर तो बेकायदा आहे हे लक्षात ठेवा.

आणि बाईंच्या त्या बश्या?

लाँगकोर बाईंनी वर्षानुवर्षं जमवलेला कायट्रिडचा साठा पुढे मिशिगन विद्यापीठाकडे गेला, जिथे त्यांना या बुरशीचा नाद लागला होता. आज जगभरातले संशोधक तो वापरतात.

असे साठे आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत देशाचा राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे हजारो बुरश्या जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांचा 'उपयोग काय' हे आज कुणी सांगू शकणार नाही.

तेव्हा घरातल्या कुणी मुलाने किंवा मुलीने 'मला मायक्रोबायोलॉजी करून बुरशीवर काम करायचंय' असं म्हटलं, तर 'त्यात स्कोप काय?' असं विचारण्याआधी एकदा या बाई आठवा. बेडूक का मरताहेत हे कळलं, कारण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून कुणीतरी डबक्यात कांद्याची साल टाकून वाट बघत बसलं होतं.