मिठाच्या पाण्यातलं धान

सकाळी 6. मृग लागला की अर्जुनी मोरगाव तालुक्यात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपवाटिकांची, घाई सुरू होते. कृषी सहायक म्हणून या दिवसांत माझा हट्ट एकच: मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय धान मातीत जाऊ नये. पिशवीत तराजू, मिठाचे पुडे आणि झारा घेऊन निघते.

7 वाजता. नवेगावबांधच्या अलीकडे एका घरच्या विहिरीवर काकू पाणी शेंदतात. भरलेली बादली पाण्यात बुडालेली असते तोवर दोर सहज वर येतो. बादली पाण्याबाहेर निघाली की दहा किलोंचा भार मनगटावर येतो. बादलीतलं पाणी तेवढंच असतं, पण आत असताना भोवतालचं पाणी ते तोलून धरतं. बुडालेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. आर्किमिडीजचा हा नियम मी विहिरीवरच सांगते, कारण पुढचं सगळं काम त्यावरच चालतं.

साडेसात. शिफारशीप्रमाणे 10 लिटर पाण्यात मोजून 300 ग्रॅम, म्हणजे तीन टक्के, मीठ विरघळवलं आणि धान थोडं थोडं सोडलं. भरलेला दाणा त्याच आकाराच्या पाण्यापेक्षा जड, म्हणून तळाशी जातो. पोचट दाण्यात तांदूळ कमी आणि पोकळी जास्त, म्हणून तो वर राहतो. पोचट दाणे साध्या पाण्यातही तरंगतात. फसवतात ते अर्धवट भरलेले. मिठाने पाण्याची घनता वाढते, आधार वाढतो आणि त्यांतलेही बरेच वर येतात.

झाऱ्याने वरचं धान काढू लागले तशी त्याच घरच्या काकाजींनी हात धरला. "मॅडम, हे तं चांगलं धान आहे, फेकता कायले?" त्यांची शंका रास्त होती. टरफलावरच्या बारीक लवेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांगला दाणाही वर धरून ठेवतात. मी पाणी जोरात ढवळलं. बुडबुडे सुटले, बरेच दाणे खाली गेले. उरलेल्यांतला एक काकाजींनी नखाने सोलला: आत तांदळाचा पापुद्रा तेवढा. मग त्यांनीच झारा हातात घेतला.

तळचं बियाणं लगेच स्वच्छ पाण्याने तीनदा धुतलं आणि सावलीत पसरलं. खारं पाणी दाण्यावर राहिलं तर उगवण मार खाते.

10 वाजता, पुढचं गाव. इथे अंडं तरंगेपर्यंत मीठ घालायची तयारी होती. ताजं अंडं तरंगायला तीन टक्क्यांच्या कितीतरी पट मीठ लागतं. आपल्या शिफारशीसाठी अंड्याचा उपयोग नाही. मीठ तोलूनच घ्यावं.

दुपार कार्यालयातल्या नोंदींत गेली.

4 वाजता. काल धुतलेलं बियाणं एका ओसरीवर सुकून तयार होतं. किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळलं, त्यानंतर जिवाणू खत. हातमोजे घालूनच.

6 वाजता परतताना एक बांधी पऱ्ह्यांसाठी चिखलून ठेवलेली दिसली. अशी बांधी तुमचीही तयार असेल, तर आज मिठाचा पुडा आणा. तरंगलेलं धान औषध लावण्याआधीच वेगळं होतं, ते धुऊन कोंबड्यांना घाला. थायरम लावलेला दाणा मात्र माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी जाऊ देऊ नका.