टप काढायचा नाही

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मिरजेहून एक गाडी छोट्या ट्रकवर चढवून आणली. अर्जुनवाडचा पूल ओलांडून ट्रक आमच्या शिरोळात शिरला आणि दारात फळ्या लावून गाडी उतरवेपर्यंत निम्मी गल्ली गोळा झाली. १९६५ ची स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. चारही टायर बसलेले, पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटलेला, बॉनेटला दोरी बांधलेली. मिरजेतल्या एका डॉक्टरांच्या घरी ती कित्येक वर्षं शेडमध्ये उभी होती. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात डॉक्टरांची लाल फुली अजून चिकटलेली होती.

पहिला सल्ला पाचव्या मिनिटाला मिळाला. "काका, हिचा टप काढूया की. उघडी केली की स्पोर्ट्स कार! आत मारुतीचं इंजिन बसवू, अलॉय व्हील टाकू, लाल रंग मारू. लई भारी दिसंल." सांगणारा मुलगा कामात हुशार आहे आणि माझ्यावर त्याचा जीव आहे. त्यानंतरच्या महिन्याभरात हाच सल्ला मला निदान दहा जणांनी दिला. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, तेच या लेखाचं शीर्षक आहे.

टप काढायची कल्पना हेरल्डच्याच बाबतीत इतक्या लोकांना का सुचते, याला कारण आहे. १९५९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कंपनीने ही गाडी बाजारात आणली. आकार जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढला. त्या सुमारास बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि पत्रा एकसंध होऊ लागला होता. ट्रायम्फला मात्र अख्खी बॉडी एका साच्यात करून देणारा कारखाना हाताशी नव्हता. म्हणून त्यांनी खाली वेगळी चेसिस ठेवली आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर जोडली. मागचा भाग वेगळा, मधला वेगळा, टपसुद्धा बोल्टवर. त्यामुळे त्याच चेसिसवर बंद गाडी, कूपे आणि उघडी गाडी, अशी सगळी भावंडं निघाली. १९६२ साली तीच चेसिस साडेआठ इंचांनी आखूड करून ट्रायम्फने दोन माणसांची स्पिटफायर काढली आणि ती पुढे जगभर गाजली. म्हणजे माझी हेरल्ड काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नाही, पण स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती बनवली, पुढे चार दारांचीही काढली.

बोल्ट सोडले की टप निघतो, आणि भार चेसिसवर असल्यामुळे गाडी मोडत नाही. आपल्या देशात किती हेरल्ड अशा उघड्या झाल्या, कोण मोजणार? त्यातली एकही कारखान्यातून तशी निघालेली नव्हती.

आमच्याच तालुक्यात खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. त्याच्या पायथ्याशी चारी बाजूंनी हत्तींची रांग आहे. कित्येक हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. त्या जागी कुणी सिमेंटच्या सोंडा बसवलेल्या नाहीत, म्हणूनच आठशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीचा घाव आजही बोटाला लागतो. आणि गावोगावी जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या दगडावर ऑइलपेंट फासलेली देवळंही आपण पाहतो. तिथे भक्ती कमी असते असं नाही. पण दगड काय सांगत होता, ते कायमचं बुजून जातं. जुन्या गाडीचंही तसंच आहे. चकाचक करण्याच्या नादात आपण तिचं बोलणं बंद करतो.

म्हणून पहिले दोन महिने मी पान्याला हात लावला नाही. आधी फोटो काढले, साडेतीनशेच्या वर. कुठली वायर कुठून जाते, कुठल्या बोल्टखाली कसला वायसर आहे, गालिचाखाली कसला नमदा आहे, सगळं. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला आणि आरसी बुकाशी ताडून पाहिला. इंजिन नंबरही जुळला. हे सगळ्यात महत्त्वाचं. जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की रंग, सीट, टायर नंतर पाहा. आधी हे दोन नंबर पाहा. ते जुळत नसतील तर पुढची सगळी मेहनत कागदावर अडकते. गाडी मिरजेची म्हणजे सांगली कार्यालयाकडची, आणि शिरोळ दुसऱ्या कार्यालयाकडे. तेव्हा तिकडचा ना हरकत दाखला, मग नावबदल, हे सोपस्कार आलेच.

पत्र्यावर चुंबक फिरवलं. जिथे चुंबक धरत नाही तिथे आत लांबी भरलेली असते. पाचच जागा सापडल्या, त्यांवर खडूने गोल केले. बाकीचा पत्रा मद्रासहून आला तोच.

रंगाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ते काम मला फार आवडलं. डिकीच्या आत, सहज दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढी जागा वॉटर पेपरने हळूहळू घासली. आधी चारशे नंबर, मग आठशे, शेवटी हजार. पाणी लावत, एकाच ठिकाणी, गोल. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी कडी उमटली. वरचा पांढरा, त्याखाली गडद मरून, त्याखाली राखाडी प्रायमर, मग एक फिकट निळा, आणि त्याच्याही खाली तांबूस अस्तर. तो फिकट निळा म्हणजे कारखान्याचा रंग. डॅशबोर्डच्या मागे, जिथे नंतरच्या कुठल्याच पेंटरचा फवारा पोचला नव्हता, तिथे तोच निळा जसाच्या तसा होता. शेड कार्डाशी जुळवून पाहायला नमुना मिळाला. आमच्या पेंटरने विचारलं, "मग सगळं खरवडून नवीन निळा मारायचा ना?" नाही. डिकीच्या आत, दारांच्या कडांना, बॉनेटखाली जुना निळा शाबूत आहे, तो तसाच ठेवला. बाहेरचा पांढरा आणि मरून तेवढा उतरवला. तीन महिने लागले, कारण यंत्र लावलं असतं तर निळाही गेला असता. जिथे निळा उरलाच नव्हता तेवढ्याच जागी नवा मारला. उन्हात नीट पाहिलं तर जुना आणि नवा यांतला फरक दिसतो. तो दिसायलाच हवा.

गाडी वर उचलली तेव्हा चेसिसमधून भलतंच काही निघालं. मधल्या दोन कण्यांपासून बाजूला जे पोकळ हात निघतात, ते ठोकल्यावर भरीव आवाज देत होते. सायकलची आरी आत घालून खरवडलं तर मऊ, करडा, चाळून घेतल्यासारखा गाळ ओघळला. शिरोळकराला तो गाळ ओळखायला चष्मा लागत नाही. २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला कृष्णा-पंचगंगेने तो आमच्या घराघरांत आणून टाकला आहे. ही गाडीही कधीतरी पुरात उभी राहिली होती. गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. पाण्याच्या फवाऱ्याने सगळे हात धुतले, यंदाच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडी तशीच उघडी वाळू दिली. दोन हात कुजले होते, तेवढे कापून त्याच जाडीच्या पत्र्याचे नवे जोडले. आत पातळ केलेलं मेण फवारलं. आता जुलै लागला की गाडी जयसिंगपूरला एका नातेवाइकाकडे उंचावर नेऊन ठेवतो.

यांत्रिक कामात इंजिनाने फारसा त्रास दिला नाही. चार सिलिंडर, ९४८ सीसी, साधं आणि मजबूत. बॉनेट, मडगार्ड आणि दिवे यांचा अख्खा पुढचा भाग एका तुकड्यात पुढे कलंडतो. मिस्त्री चाकावर बसून काम करतो. खरी परीक्षा घेतली पुढच्या चाकांनी.

हेरल्डच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा पोलादी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळेच्या एका ठोकळ्यात फिरतात. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. या जोडात ग्रीस घालायचं नसतं, नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं, असं कंपनीच्या पुस्तकातच होतं. पण निप्पल दिसलं की ग्रीसगन लावायची, हा गॅरेजचा वर्षानुवर्षांचा हात. ग्रीस खाली आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, सुकून घट्ट होतं, त्यात पाणी मुरतं, पोलाद आतून गंजतं आणि एखाद्या दिवशी वळणावर दांडा तुटून चाक आडवं होतं. "हेरल्डचं चाक निखळतं" ही बदनामी पुष्कळशी या ग्रीसमुळे झाली. माझ्या गाडीच्या डाव्या जोडात दगडासारखं काळं ग्रीस होतं. दांडा सुदैवाने चांगला निघाला, पितळी ठोकळ्याचे आटे मात्र झिजले होते.

ट्रनियन परदेशातून येतो, कारण स्पिटफायरलाही तोच चालतो आणि तिचे सुटे भाग आजही बनतात. पण मी तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला. ऑइल इंजिनांच्या आणि फाउंड्रीच्या कामावर वाढलेली ही वसाहत. तिथल्या एका वयस्क टर्नरने जुना तुकडा बोटांत फिरवला, आट्यांवर गेज धरली आणि विचारलं, "डावा आटा हाय न्हवं?" गनमेटलच्या कांडीतून त्याने तो दोन दिवसांत उतरवला. दांडा आत फिरवला तेव्हा ना खडखड, ना अडकणं. नव्या भागावर मी वर्ष कोरून घेतलं, म्हणजे उद्या कुणी तो मूळचा समजू नये. जुना ठोकळा पिशवीत चिठ्ठीसह ठेवला आहे. काढलेली एकही वस्तू मी टाकली नाही.

मग काहीच बदललं नाही का? बदललं. जीव जाईल अशा बाबतीत हट्ट धरायचा नसतो. ब्रेकचे रबरी पाइप, टायर, वायरिंगचा जळका भाग नवा घातला. पुढच्या दोन सीटना पट्टे लावले, नवीन भोक न पाडता. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवल्या, कारण जुन्या इंजिनांना शिशाचं पेट्रोल गृहीत धरलेलं आणि ते आपल्याकडे २००० सालीच बंद झालं. पेट्रोलची नळी आणि पंपाचा पडदाही बदलला. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. आमच्या तालुक्याचं पोट उसावर चालतं, आणि त्याच उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं. तेव्हा त्याच्याविषयी तक्रार नाही. पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. माझी कसोटी एकच होती: केलेला बदल उद्या उलटा फिरवता आला पाहिजे. व्हॉल्व्हच्या सीट तेवढ्या या कसोटीत बसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय इंजिन टिकलं नसतं.

ही कसोटी आता कायद्यालाही जवळची आहे. २०२१ साली केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे ज्यांनी हौसेने टप कापला आणि मारुतीचं इंजिन बसवलं, त्यांच्या गाडीला ही वाट अवघड झाली.

मूळ स्वरूप जपायचं म्हणजे गाडी काचेच्या पेटीत ठेवायची, असा मात्र अर्थ नाही. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जर्मन मेबॅक दसरा चौकात येते. १९३० च्या दशकातली गाडी, पण सोनं लुटायच्या दिवशी ती स्वतःच्या चाकांवर येते आणि हजारो लोक तिला पाहायला थांबतात. गाडी चालती ठेवली की तिचे ऑइल सील सुकत नाहीत, ब्रेक जाम होत नाहीत, आणि तिला ओळखणारे मिस्त्रीही टिकून राहतात. मीसुद्धा हेरल्ड पंधरा दिवसांतून एकदा सुरू करतो आणि गरम होईपर्यंत चालवतो. पंचवीस फुटांत पुरी वळते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नव्या गाड्या दोनदा मागे-पुढे होतात, ही एका दमात वळते.

टप जागेवर आहे. त्यावर डाव्या बाजूला एक पोचा आहे, तोही. डॉक्टरांची लाल फुली काचेवर तशीच आहे.

वाचकहो, तुमच्या गावाकडच्या गोठ्यात, आजोळच्या शेडमध्ये, कडब्यामागे अशी एखादी फियाट, हेरल्ड, लँडमास्टर किंवा जीप उभी असेल, तर या दिवाळीत एवढंच करा: भंगारवाल्याला बोलवू नका, रंगाऱ्यालाही बोलवू नका. आधी घरातल्या जुन्या ट्रंकेत तिचं आरसी बुक शोधा.