संशोधनासाठी ओपन सोर्स टूल निवडताना

समजा, कनेरगाव नाक्याच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी तुम्ही पीएचडीसाठी वेबसाइटवर ठेवणार आहात. टूल फुकट आहे एवढ्यावर भागत नाही. पाच वर्षं टिकेल का, ते बघा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्यावर विसंबलेले बॅबेलसारखे मोठे प्रकल्प अडकले.

म्हणून आधी तपासा: लायसन्स कोणतं, शेवटचा बदल कधी झाला, सांभाळणारे किती जण. मग व्हर्जन पक्कं करा, पॅकेजची प्रत स्वतःकडे ठेवा. नोंदी सीएसव्हीत बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच आठवड्यात करून बघा. टूल उद्या बंद पडेल. नोंदी तुमच्याच हातात राहायला हव्यात.